मुशीचं डोकं, चिंच आणि मोडलेली अंगठी: बिशप स्टेनोची गोष्ट मुलांना कशी सांगावी

पहिल्या वर्षी मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सपशेल तोंडघशी पडले. छापील पत्रक हातात, समोर सातवी ते नववीची तीसेक पोरं, आणि मी वाचत होते: हे बिशप अत्यंत दयाळू, नम्र, प्रार्थनाशील व गोरगरिबांचे कैवारी होते. चौथ्या मिनिटाला मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. दहाव्या मिनिटाला एका मुलाने हात वर केला. मला वाटलं, पाण्याला जायचं असेल. तो म्हणाला, "टीचर, पण त्याने केलं काय?"

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर वसईत रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. त्या मुलाला उत्तर देता येईना, कारण पत्रकात विशेषणांशिवाय काहीच नव्हतं. त्यानंतर दरवर्षी डिसेंबरच्या आरंभी मी हीच गोष्ट सांगते, पण निराळ्या रीतीने. आता ही रीत दुसऱ्या धर्मग्रामांतले (पॅरिशमधले) शिक्षक विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

गोष्ट आहे नील्स स्टेन्सनची. जगाला तो निकोलस स्टेनो या लॅटिन नावाने माहीत आहे. १६३८ साली कोपनहेगनमध्ये जन्मला, १६८६ साली जर्मनीतल्या श्वेरिनमध्ये मेला, आणि २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी खालचा, घोषित केलं. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत तो आधी शरीररचनेचा आणि खडकांचा अभ्यासक होता, मग धर्मगुरू झाला, मग बिशप. मुलांसमोर तो याच क्रमाने आला पाहिजे. पत्रकं नेहमी उलट करतात: बिशपाची टोपी आधी चढवतात आणि आतला माणूस नंतर शोधत बसतात.

आदल्या दिवशीची तयारी

शनिवारी एवढ्या वस्तू जमवा: पिकलेल्या चिंचेचा गोळा, दोन छोटे आरसे, एक टॉर्च, एक भिंग, लोणच्याची काचेची मोठी बरणी, लाल माती, समुद्राची रेती, कुटलेले शिंपले आणि एक अंगठी. सोन्याची नको, जत्रेतली पितळी चालेल. शिवाय मुशीचं डोकं.

हे शेवटचं ऐकून लोक हसतात. मुशी म्हणजे आपल्या बाजारात येणारा लहान शार्क. आमच्याकडे पाचूबंदरची कोळीण सकाळी टोपली घेऊन येते, तिला आधी सांगून ठेवलं की ती डोकं बाजूला काढून देते. तसंही ते कोणी मागत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या अनुभवावरून शिका. एका वर्षी मी ते डोकं शनिवारी संध्याकाळीच आणलं आणि दोन पिशव्यांत गुंडाळून वर्गाच्या कपाटात ठेवून घरी गेले. रविवारी सकाळी कपाट उघडायची गरजच पडली नाही, वास दारापर्यंत आला होता. कपाटात नाताळच्या नाटकासाठी शिवलेले देवदूतांचे झगे होते. ते तीनदा धुतले, तरी त्या वर्षी गॅब्रिएल दूत मारियेला निरोप द्यायला आला तो बाजाराचा वास घेऊनच. तेव्हा डोकं रविवारी सकाळीच आणा, नाहीतर मीठ चोळून घरच्या फ्रीजमध्ये ठेवा.

वेळ चाळीस मिनिटं धरा. त्यातली निम्मी वेळ बिशप होण्याआधीच्या स्टेनोला द्या. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं.

'तो' की 'ते'?

वर्ग सुरू करण्याआधी हे एकदा ठरवून टाका. आपल्याकडे बिशपांना 'ते' म्हणायचं, 'बिशप म्हणाले' म्हणायचं, ही रीत आहे आणि ती मीही पाळते. पण गोष्टीत 'ते' आलं की मुलं ताठ बसतात आणि ऐकणं बंद करतात. मी एक वर्ष असं करून पाहिलं की बिशप होईपर्यंत 'तो' आणि १६७७ पासून 'ते'. पोरांना वाटलं, दुसराच कोणी माणूस आला. तेव्हापासून शेवटपर्यंत 'तो'. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला मिस्सानंतर अडवून विचारलं, "टीचर, धन्यवादिताला अरेतुरे?" मी म्हटलं, "काका, आपण येशूला काय म्हणतो?" ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी नातीला माझ्या वर्गात घातलं.

चिंचेपासून सुरुवात

प्रार्थना झाली की नाव, गाव, सन काही सांगू नका. दोन मुलांना पुढे बोलवा. एकाला तोंड उघडायला लावा, गालाची आतली बाजू स्वच्छ रुमालाने टिपून कोरडी करा आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या कातडीवर टॉर्च मारा. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो. आता चिंचेचा कण त्याच्या जिभेवर ठेवा. दुसऱ्या मुलाला बघत राहायला सांगा. त्या उंचवट्यातून लाळेचा थेंब बाहेर येतो. जो बघतोय तो किंचाळतो, मग सगळ्या वर्गाला आरसा हवा असतो. सात-आठ मिनिटं जातील, जाऊ द्या. चिंच सगळ्यांना द्या.

मग सांगा की हे भोक कशाचं आहे ते १६६० च्या एप्रिलपर्यंत जगात कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. बावीस वर्षांचा एक डॅनिश विद्यार्थी ॲम्स्टरडॅमला शिकायला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याने बाजारातून मेंढीची मुंडी विकत घेतली आणि शिक्षकाच्या घरी एकटाच ती चिरत बसला. मेंदू पाहण्याआधी शिरा पाहाव्यात म्हणून एका नळीत त्याने बारीक सळई घातली. सळई पुढे सरकत गेली आणि अचानक तिचं टोक दातांवर टक्कन आपटलं. कानापुढच्या ग्रंथीतली लाळ तोंडात येते ती याच वाटेने. गालगुंड होतं तेव्हा सुजते ती हीच ग्रंथी. ज्या मुलांना ते होऊन गेलंय त्यांचे हात इथे आपोआप गालाकडे जातात. डॉक्टर आजही त्या नळीला 'स्टेन्सनची नळी' म्हणतात.

पुढे त्या शिक्षकाने, खेरार्ड ब्लासियसने, शोध माझाच म्हणून दावा केला. भांडण वाढलं. ते लांबवू नका, पण वगळूही नका. दुसऱ्याने वही ढापल्याचं दुःख मुलांना बिशपाच्या कुठल्याही सद्गुणापेक्षा लवकर कळतं.

त्याचं लहानपण इथे दोन वाक्यांत सांगून टाका. वडील कोपनहेगनमध्ये सोनार होते. 'सोनार' हा शब्द फळ्यावर लिहा आणि त्याबद्दल आणखी काही बोलू नका. शेवटी लागणार आहे. तीन वर्षांचा असताना तो कसल्याशा आजाराने घरात अडकून पडला आणि मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकत वाढला. पुढे शहरात प्लेग आला तेव्हा त्याच्या शाळेतले २४० विद्यार्थी दगावले. हा आकडा मी सांगते आणि थोडं थांबते. आमच्या शाळेत साडेचारशे मुलं आहेत. हिशेब ती स्वतःच करतात.

मुशी बाहेर काढा

आता पिशवी उघडा. नाकं दाबून झाली की भिंग द्या आणि दात पाहायला सांगा. मुशीचे दात बारीक असतात, पण रांगामागे रांगा लागलेल्या असतात, पुढचा पडला की मागचा सरकतो. मुलांना हे स्वतः मोजू द्या.

१६६६ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीच्या किनाऱ्यावर, लिव्होर्नोजवळ, मच्छीमारांना एक अजस्र शार्क मिळाला. तोवर स्टेनो फ्लोरेन्सला ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो दुसरा मेदिची याच्या आश्रयाला आला होता. ड्यूकने शार्कचं डोकं त्याच्याकडे पाठवायला सांगितलं. स्टेनोने दात पाहिले आणि त्याला आठवले ते 'जिभेचे दगड'. डोंगरात, विशेषतः माल्टा बेटावर, असे त्रिकोणी दगड सापडत. कोणी म्हणे ते आकाशातून पडतात, कोणी म्हणे खडकातच उगवतात. माल्टाचे लोक म्हणत, संत पौलाने सापांना शाप दिला तेव्हा त्यांच्या जिभांचे दगड झाले. बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांतला अठ्ठाविसावा अध्याय इथे उघडा. पौलाच्या हाताला साप डसतो ती ओळ मुलांकडून वाचून घ्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुशी कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

स्टेनोने सांगितलं की हे शार्कचेच दात आहेत. फाबियो कोलोना नावाच्या एका इटालियन अभ्यासकाने पन्नास वर्षं आधी हे म्हटलेलं होतं, आणि मुलांना तेही सांगावं. पण स्टेनो पुढच्या प्रश्नावर गेला. समुद्रातला दात डोंगरातल्या खडकाच्या पोटात शिरला कसा? त्यासाठी खडक आधी मऊ गाळ असायला हवा, आणि डोंगराच्या जागी कधीतरी पाणी असायला हवं. त्याचं १६६९ चं छोटं पुस्तक या एका प्रश्नातून निघालं.

बरणी इथे कामाला येते. पाण्यात आधी लाल माती, मग शिंपल्यांचा चुरा, मग रेती, प्रत्येक वेळी थोडं थांबून टाका. थर एकावर एक बसतात. सगळ्यांत जुना कुठला? खालचा. एवढंच. हे इतकं उघड आहे की मुलं म्हणतात, यात शोध कसला? त्यांना विचारा की मग आपल्या विहिरी खणताना रेतीत शिंपल्या निघतात त्या पाहून तुमच्यापैकी किती जणांनी हा प्रश्न विचारला होता. गाळाचे थर मुळात आडवे बसतात, ते तिरके दिसले तर नंतर काहीतरी घडलंय. आणि अडथळा नसेल तर थर दूरवर सलग पसरलेला असतो, हेही त्याचंच. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आजही याच तीन गोष्टींनी सुरुवात होते. बरणी खिडकीत ठेवा आणि कोणाला हात लावू देऊ नका.

धर्मांतराचा भाग जपून

स्टेनो लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, घरातला. लिव्होर्नोला त्याने पवित्र शरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला: लोक ज्याला इतकं नमतात ती नुसती भाकर आहे की आणखी काही? फ्लोरेन्समध्ये एका मठाच्या औषधालयात तो जात असे. तिथे औषधं देणारी सिस्टर मारिया फ्लाव्हिया त्याच्याशी श्रद्धेबद्दल बोलायची. लाव्हिनिया आर्नोल्फिनी या बाईंशीही त्याच्या लांबलचक चर्चा होत. १६६७ च्या नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथोलिक होण्याचा त्याचा निर्णय झाला.

मी हा भाग चार वाक्यांत आटपते. माझ्या वर्गात ज्यांची आई एका पंथाची आणि वडील दुसऱ्या, अशी मुलं असतात. 'चुकीच्या वाटेवरून खऱ्या वाटेवर आला' अशी भाषा वापरू नका. माणूस प्रश्न घेऊन फिरत होता आणि एका बाईने औषधाच्या पुड्या बांधता बांधता त्याचं ऐकून घेतलं, एवढं पुरे.

मोठी मुलं असतील तर १६७३ मधलं एक वाक्य त्यांना लिहून द्या. राजाने त्याला कोपनहेगनला परत बोलावलं होतं आणि शरीरविच्छेदन दाखवण्याआधी तो लोकांसमोर म्हणाला: जे दिसतं ते सुंदर, जे कळतं ते त्याहून सुंदर, पण जे अजून कळलेलं नाही ते सगळ्यांत सुंदर. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते दहावीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, गणिताच्या.

आता बिशप

१६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि दोनच वर्षांनी, १६७७ मध्ये, बिशप. रोमला तो फ्लोरेन्सहून पायी गेला. त्याला बिशपपदाची दीक्षा दिली ती कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो यांनी, जे पुढे स्वतः संत झाले. त्याला मिळालेलं धर्मप्रांत होतं तितिओपोलिस. नकाशा दाखवा: आजच्या तुर्कस्तानातलं, केव्हाच ओस पडलेलं गाव. नावापुरतं धर्मप्रांत, एकही मेंढरू नसलेला मेंढपाळ. प्रत्यक्ष काम होतं उत्तर जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातल्या विखुरलेल्या मूठभर कॅथोलिकांना सांभाळायचं. आधी हॅनोव्हर, जिथे तत्त्वज्ञ लायब्निझशी त्याची गाठ पडली. लायब्निझला वाईट वाटलं की एवढा मोठा शास्त्रज्ञ शास्त्र सोडून बसला. मग १६८० पासून म्युन्स्टर, सहायक बिशप म्हणून. मग हॅम्बुर्ग. मग श्वेरिन.

इथे वेग कमी करा. गोष्टीतला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग आता येतो, आणि तो हमखास बिघडतो तो 'दानशूर' या शब्दाने. वर्गात तो शब्द मी उच्चारत नाही. त्याऐवजी मुलांना विचारते, बिशपाकडे काय काय असतं? ती भराभर सांगतात: अंगठी, गळ्यातला क्रूस, काठी, उंच टोपी, गाडी, बंगला, ड्रायव्हर. सगळं फळ्यावर लिहा. मग एकेक खोडत जा. गाडी: हा माणूस जुना झगा घालून, पावसात आणि बर्फात उघड्या घोडागाडीतून फिरायचा. जेवण: आठवड्याचे चार दिवस फक्त पाव आणि बियर. (बियर ऐकून हशा पिकतो. सांगा की त्या काळी तिकडे ती गरिबाची पेज होती. हशा थांबत नाही, पण पुढे जा.) क्रूस आणि अंगठी या दोन वस्तू शेवटपर्यंत राहू द्या.

आता पितळी अंगठी हातात घ्या. बिशपाची अंगठी म्हणजे काय हे मुलांना माहीत असतं. दृढीकरणाला बिशप येतात तेव्हा मोठी माणसं वाकून तिचं चुंबन घेतात. धर्मसभेशी त्याचं लग्न लागल्याची ती खूण. मग सांगा: त्याने ती मोडली. क्रूसही मोडला. पैसे गरजूंना दिले.

मी मुद्दाम 'विकली' म्हणत नाही. आपल्या घरांत सोनं विकत नाहीत, मोडतात. आणि मोडणं काय असतं हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. कोणाच्या आजीच्या पाटल्या ताईच्या नर्सिंगच्या फीसाठी मोडल्या, कोणाच्या आईने गळ्यातलं मोडून बापाच्या डायलिसिसचे पैसे भरले. एक मुलगा एकदा उभा राहून म्हणाला, "टीचर, आमच्या मम्मीने वेडिंग रिंग मोडली, लॉकडाऊनला." वर्ग गप्प झाला. मी त्याला बसायला सांगितलं नाही. तो उभाच राहिला आणि मी पुढे सांगत गेले.

यानंतर फळ्यावरच्या 'सोनार' या शब्दाकडे बोट दाखवा. सोनाराचा मुलगा. लहानपणी ज्याच्या घरात सोनं तापत होतं, तोललं जात होतं. त्याला त्या अंगठीचं मोल कोणी फसवून सांगू शकलं नसतं. मी इथे काही अर्थ सांगत नाही. मुलं शब्दाकडे बघतात, अंगठीकडे बघतात, बस.

दुसरी गोष्ट पैशाचीच, पण उलट्या बाजूची. १६८३ साली म्युन्स्टरचा राजबिशप, म्हणजे राज्यही चालवणारा बिशप, वारला आणि नव्याची निवड व्हायची होती. मतांसाठी पैसे फिरले. स्टेनोने विरोध केला आणि कोणी ऐकत नाही म्हटल्यावर पद सोडून हॅम्बुर्गला निघून गेला. आठवी-नववीच्या मुलांना निवडणुकीत पैसे वाटणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना नवल वाटतं ते चर्चमध्येही तसं झालं याचं. ते लपवू नका. अंगठी मोडणारा आणि बाजार पाहून उठून जाणारा माणूस एकच आहे हे दिसलं, की पैशाबद्दल त्याचं म्हणणं काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

अडचणीचे प्रश्न

मुलं हमखास विचारतात, "त्याने चमत्कार कुठला केला?" संतपदाच्या पायऱ्या थोडक्यात सांगा: प्रभुसेवक, मग आदरणीय, मग धन्यवादित, मग संत. स्टेनो तिसऱ्या पायरीवर आहे. धन्यवादित होण्यासाठी मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार मान्य व्हावा लागतो, हुतात्मा असेल तर नाही. संत होण्यासाठी आणखी एक लागतो. यात दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, नाहीतर उरलेला तास कोणाच्या मावशीला कुठल्या नोव्हेनाने (नऊ दिवसांच्या प्रार्थनेने) नोकरी लागली यात जातो.

तारखेवरूनही कोणी पकडेल. जुन्या पुस्तकांत त्याचा मृत्यू २५ नोव्हेंबरला दिलेला आढळतो आणि इतरत्र ५ डिसेंबरला. दोन्ही बरोबर. उत्तर जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांत तेव्हा जुनी दिनदर्शिका चालायची, ती दहा दिवस मागे होती. जन्माचंही तसंच, १ जानेवारी आणि ११ जानेवारी. ५ डिसेंबर धरलात तर एक गंमत हाती लागते: दुसऱ्याच दिवशी संत निकोलसचा सण, तोही बिशप, तोही गुपचूप पैसे देणारा, आणि नील्स म्हणजे निकोलसच.

सगळ्यांत अवघड प्रश्न मुलं विचारत नाहीत, तो तुम्ही स्वतः काढायचा. लायडनला शिकत असताना स्टेनोची तत्त्वज्ञ स्पिनोझाशी ओळख होती. १६७७ मध्ये रोममध्ये स्पिनोझाच्या 'नीतिशास्त्र' या ग्रंथाचं हस्तलिखित स्टेनोच्या हाती आलं आणि त्याने ते चर्चच्या चौकशी खात्याकडे तक्रारीसह सोपवलं. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आपल्याच काळात सापडलं. ज्याने 'जे कळलेलं नाही ते सगळ्यांत सुंदर' म्हटलं त्यानेच जुन्या ओळखीच्या माणसाचं पुस्तक अधिकाऱ्यांच्या हाती दिलं. मी नववीला हे सांगते, सातवीला नाही. एका मुलीने विचारलं, "मग तरी धन्यवादित कसा?" मी म्हटलं, मला ते पचत नाही. आमच्या फादरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, चर्च माणसाला धन्यवादित म्हणतं, त्याच्या प्रत्येक कागदाला नव्हे. हे उत्तर तुम्हाला पटलं तर वापरा. मला अर्धंच पटलं, आणि वर्गात मी तसंच सांगितलं.

उपवासाबद्दलही सावध राहा. त्याने शरीर इतकं झिजवलं की शेवटी तो हाडांचा सापळा झाला होता. वयात येणाऱ्या मुलींसमोर याचं कौतुक करू नका. आमच्या वर्गात एकीने प्रायश्चित्तकाळात जेवण सोडून चक्कर येऊन पडण्यापर्यंत मजल नेली होती. तेव्हापासून पाव आणि बियर सांगून झाली की मी म्हणते, आणि हे बरोबर केलं नाही त्याने, आपल्याला जेवायचं आहे.

शेवटची पाच मिनिटं

श्वेरिनमध्ये त्याचं पोट फुगत गेलं, वेदना असह्य झाल्या, आणि इटलीला परत जायची इच्छा मनातच ठेवून तो गेला. वय अठ्ठेचाळीस. मेदिची घराण्यातल्या कोसिमो तिसऱ्याने त्याचं शरीर मागवून घेतलं. केर्क्रिंग नावाच्या त्याच्या जुन्या मित्राने ते जहाजाने पाठवलं आणि फ्लोरेन्सच्या सान लोरेंझो चर्चमध्ये त्याला पुरलं. तिथे तो जवळजवळ विसरला गेला. १८८१ मध्ये बोलोन्याला जगभरचे भूशास्त्रज्ञ परिषदेला जमले होते, तेव्हा त्यांनी फ्लोरेन्सला जाऊन त्याला मानवंदना दिली. चर्चने त्याला धन्यवादित म्हणायच्या शंभर वर्षं आधी. १९५३ मध्ये थडगं उघडलं आणि त्याचे अवशेष आर्नो नदीत सापडलेल्या, चौथ्या शतकातल्या एका रोमन दगडी शवपेटीत ठेवले. नदीच्या गाळातून निघालेली पेटी! हे ऐकलं की एकदोन मुलं खिडकीतल्या बरणीकडे बघतात. तुम्ही बघू नका.

प्रार्थना म्हणून वर्ग सोडा. हात साबणाने धुवायला लावा, मुशीला हात लावलेल्यांना दोनदा. जबडा टाकू नका. मांस खरवडून, मीठ चोळून चार दिवस उन्हात ठेवला तर छान वाळतो. मांजर पोचणार नाही अशा ठिकाणी मात्र, आमचा दुसऱ्या वर्षीचा जबडा कौलांवरून गेला तो गेलाच. वाळलेला जबडा मी त्या वर्षी सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या मुलाला देते. पितळी अंगठी परत डब्यात. बरणी तशीच खिडकीत राहू द्या, पुढच्या रविवारपर्यंत पाणी निवळतं आणि मातीवर चुरा, चुऱ्यावर रेती अशा रेघा स्पष्ट दिसतात. रेतीच्याही वर बारीक गाळाची एक पातळ साय बसलेली असते, जी आपण टाकलेली नसते. ती कुठून आली हे विचारून पुढचा वर्ग सुरू करा.